छोट्या गेमिंग पीसीचा एसएमपीएस: लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी

कॅबिनेट वीस लिटरच्या आतलं आणि ग्राफिक कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय ते ५०७० टीआय या टप्प्यातलं असेल, तर घ्यायचा एसएमपीएस (म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज देणारा डबा) ठरलेला आहे: १०० मिलिमीटर लांबीचा, ७५० वॉटचा, एटीएक्स ३.१ मानकाचा (हे विजेच्या नियमांचं नाव, मापाचं नाही), पूर्ण मॉड्युलर (सगळ्या वायरी सुट्या होणारा), एसएफएक्स मापाचा. कोर्सेअरचा २०२४ चा एसएफ७५० या वर्णनात नेमका बसतो, म्हणून आमची पहिली पसंती त्याला. पण मॉडेलचं नाव कळलं म्हणजे खरेदी झाली असं नाही. छोट्या पीसीत एसएमपीएसच्या नावाने जी रड असते, ती बहुतेक वेळा माप चुकल्याची, वायर न पोचल्याची, उष्णता कोंडल्याची किंवा घरच्या अर्थिंगची असते. वॉट कमी पडल्याची क्वचितच.

आधी माप. काउंटरवर नुसतं "छोटा एसएमपीएस द्या" म्हटलंत तर समोर काहीही येईल. एसएफएक्स म्हणजे १२५ मिमी रुंद, ६३.५ उंच, १०० लांब. एसएफएक्स-एल तेवढाच रुंद आणि उंच, लांबी मात्र १३०. टीएफएक्स हा ऑफिसातल्या बारक्या डेस्कटॉपमधला लांबुडका प्रकार, साधारण ८५ × ६५ × १७५. फ्लेक्स एटीएक्स ८१.५ × ४०.५ × १५०, म्हणजे पट्टीसारखा. नेहमीचा एटीएक्स १५० × ८६ × १४०.

फ्लेक्सचा मोह टाळा. त्याची उंचीच ४० मिमी, त्यामुळे पंखाही ४० मिमीचा. एवढ्या पंख्याने चारशे वॉटच्या युनिटची उष्णता बाहेर काढायची तर तो प्रचंड वेगाने फिरवावा लागतो, आणि तो बारीक चिरका आवाज हेडफोन लावूनही ऐकू येतो. पाच लिटरच्या डब्याला दुसरा इलाज नसतो हे मान्य, पण निवड हातात असेल तर एसएफएक्सच.

बाजारात "मिनी एसएमपीएस" म्हणून आणखी एक जात मिळते. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरसाठी, बिलिंगच्या मशीनसाठी ठीक. ग्राफिक कार्डाला अजिबात नाही. ती ओळखायला खोक्यावरचा मोठा आकडा वाचू नका, अंगावरचा स्टिकर वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. खऱ्या ७५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे ६२ च्या आसपास आकडा असतो, ६५० वर ५४. खोक्यावर ४५० वॉट आणि स्टिकरवर १२ व्होल्टला १८ अँपिअर असेल, तर कार्ड आणि प्रोसेसर मिळून तुमच्या हातात २१६ वॉट आहेत. आजच्या पीसीचं जवळजवळ सगळं ओझं १२ व्होल्टवरच असतं, ३.३ आणि ५ व्होल्टची बेरीज करून फुगवलेल्या आकड्याचा काही उपयोग नाही.

जुन्या डेल किंवा एचपी ऑफिस डेस्कटॉपवर गेमिंग पीसी करायचा बेत असेल, तर इथेच थांबा. त्यांच्या बऱ्याच बोर्डांवर २४ पिनचा जोड नसतोच. कंपनीचा स्वतःचा सहा, सात किंवा आठ पिनचा असतो. तिथे एसएफएक्स बसवायच्या खटपटीत पडण्यापेक्षा आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्ड घ्या. ते ७० वॉटचं आहे, स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवर चालतं आणि मूळचा एसएमपीएस तसाच राहतो.

वॉटचा हिशोब

हा पाच मिनिटांचा आहे. रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॉट घेतो. आरटीएक्स ५०६० टीआय १८० वॉटचं. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे, पंप यांना ५० धरा. बेरीज ३१८. रायझन ७ ७८००एक्स३डी (मर्यादा १६२, गेममध्ये त्याच्या खूप खाली) आणि आरटीएक्स ५०७० (२५०) घेतलं तर ४६२. ५०७० टीआयला ३०० आणि ५०८० ला ३६०. एनव्हिडियाचा स्वतःचा सल्ला ५०७० ला ६५० वॉट, ५०७० टीआयला ७५० आणि ५०८० ला ८५० असा आहे, आणि तो पाळावा.

मग ३१८ वॉटच्या पीसीलाही ७५० का? दोन कारणं. पहिलं, अर्ध्याच्या आसपास भार असला की एसएफएक्सचा ९२ मिमीचा पंखा शांत राहतो. तोच भार ४५० वॉटच्या युनिटवर टाकला की आवाज येतो. दुसरं, कार्डाचे झटके. २५० वॉटचं कार्ड काही मायक्रोसेकंदांपुरतं त्याच्या कितीतरी वर जाऊन येतं. एटीएक्स ३.० मानक २०२२ साली आलं ते याच्यासाठी: १६ पिनी जोड (नव्या कार्डांना वीज देणारा) असलेल्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता स्वतःच्या वॉटच्या दुप्पट झटका सोसला पाहिजे. जुने एसएमपीएस अशा वेळी संरक्षण म्हणून स्वतःला बंद करतात. लक्षण ओळखू येण्यासारखं आहे. गेम ऐन रंगात असताना पीसी एकदम काळोख करतो, निळा स्क्रीन नाही, एरर नाही, आणि मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. असं होत असेल तर विंडोज पुन्हा टाकण्यात रविवार घालवू नका.

गोल्ड की प्लॅटिनम (८० प्लस या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राचे दर्जे), या वादात मुंबईच्या वीजबिलाला ओढू नका. ४७० वॉटच्या भारावर ९० टक्के आणि ९२ टक्के यांतला फरक साधारण ११ वॉटचा. रोज चार तास खेळलात तरी महिन्याला दीड युनिटही होत नाही. फायदा आहे तो ११ वॉट कमी उष्णतेचा, कारण ती उष्णता कार्डाच्या बाजूलाच कोंडून राहते. आवाजासाठी ८० प्लसच्या बिल्ल्याकडे बघून काहीच कळत नाही, कारण त्यात आवाज मोजतच नाहीत. सायबेनेटिक्स या चाचणी संस्थेचं लॅम्डा प्रमाणपत्र बघा: ए++ म्हणजे सरासरी १५ डेसिबलच्या खाली, ए+ म्हणजे १५ ते २०, ए म्हणजे २० ते २५.

कुठला घ्यावा

कोर्सेअर एसएफ७५०, २०२४. प्लॅटिनम, एटीएक्स ३.१, ९२ मिमी पंखा, हलक्या भारावर पंखा पूर्ण बंद, सात वर्षांची वॉरंटी, आणि १६ पिनी वायर खोक्यातच. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाहा. याच नावाचा, याच मापाचा, प्लॅटिनमच असलेला एक जुना एसएफ७५० आहे, एटीएक्स ३ च्या आधीचा. तो वाईट नाही, उलट वर्षानुवर्षं छोट्या पीसीवाल्यांचा भरवशाचा राहिला. पण आज नवा म्हणून, नव्याच्या भावाने तो घेण्यात अर्थ नाही. खोक्यावर एटीएक्स ३.१ लिहिलेलं हवं.

कूलर मास्टर व्ही एसएफएक्स गोल्ड, ७५० किंवा ८५०. १०० मिमी, ९२ मिमीचा पंखा, दहा वर्षांची वॉरंटी, आणि एटीएक्सच्या खाचेत बसवायची पट्टी सोबत येते. गोल्ड आहे म्हणून नाक मुरडायचं कारण नाही; दहा वर्षांत तुम्ही दोन-तीन कार्डं बदलाल, हा तोच राहील. इथेही नाव तेच राहून पिढी बदललेली असू शकते, म्हणून एटीएक्स ३ चा उल्लेख खोक्यावर शोधा.

लियान ली एसपी७५०. गोल्ड, पूर्ण मॉड्युलर, पांढऱ्या रंगातही मिळतो. कार्ड आठ पिनी असेल (५०६०, ५०६० टीआय, आरएक्स ९०६० एक्सटी यांची बहुतेक मॉडेलं तशीच आहेत) तर चांगला सौदा. १६ पिनी कार्डासाठी मात्र हा घेऊन वर अडॅप्टर जोडू नका; छोट्या कॅबिनेटमध्ये त्या अडॅप्टरचा गुंताच कार्डाच्या पंख्यावर येऊन बसतो.

कोर्सेअर एसएफ१०००एल किंवा तत्सम एसएफएक्स-एल. १२० मिमीचा पंखा, म्हणून भाराखाली आवाज मऊ. कूलर मास्टर एनआर२०० सारख्या १८ लिटरच्या कॅबिनेटमध्ये मजेत बसतो. पण १३० मिमीच्या पुढे मॉड्युलर वायरींचे प्लग आणि त्यांचं वळण यांना किमान २५ ते ३० मिमी लागतात. फ्रॅक्टल टेरासारख्या दहा लिटरच्या डब्यात कागदोपत्री तो चालतो. प्रत्यक्षात सगळ्या वायरी दाबून-दाबून झाकण लावावं लागतं, आणि दाबलेली वायर कधी ना कधी पंख्याला घासते. दहा-अकरा लिटरला १०० मिमीच.

एक शक्यता विसरू नका. काही छोट्या कॅबिनेटमध्ये साधा एटीएक्सही बसतो. तुमचं त्यातलं असेल आणि लांबी १४० मिमीची चालत असेल, तर त्याच पैशात एटीएक्समध्ये जास्त चांगलं युनिट येतं. एसएफएक्सचा जास्तीचा भाव फक्त आकाराचा आहे.

वायरी

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. मॉड्युलर वायरीचं बोर्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं, एसएमपीएसकडचं टोक मात्र प्रत्येक कंपनीचं वेगळं. प्लग बसतो, खट्ट आवाजही येतो, पण आत ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट आलेले असतात. एसएसडी आणि हार्ड डिस्क त्याच क्षणी जातात. एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांतही पिना बदललेल्या असतात. म्हणून एसएमपीएस बदलला की वायरी सगळ्या काढा, एकही जुनी ठेवू नका. रंगीत वायरींचा सेट वेगळा विकत घेताना मॉडेल आणि वायरीचा टाइप दोन्ही सांगून घ्या.

लांबी उलट्या बाजूने त्रास देते. एसएफएक्सच्या वायरी मुद्दाम आखूड असतात, २४ पिनी साधारण ३० सेंटीमीटर. पट्टी लावून मोठ्या कॅबिनेटमध्ये बसवला तर प्रोसेसरची वायर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. तेव्हा दोरीने मोजा: एसएमपीएसच्या तोंडापासून, जिथून वायर खरोखर वळणार तिथून, प्लगपर्यंत.

आठ पिनी जोड १५० वॉटचा. दोन आठ पिनी लागणाऱ्या कार्डाला दोन वेगळ्या वायरी द्या. एकाच वायरीला फुटलेलं दुसरं शेपूट वापरू नका, सगळा करंट एसएमपीएसच्या एकाच प्लगमधून जातो. आणि साटाचा (एसएसडी-हार्ड डिस्कच्या वीज-वायरीचा) आठ पिनी करणारा अडॅप्टर तर कुणी फुकट दिला तरी नको. साटाच्या जोडात १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे ५४ वॉट. त्यातून १५० वॉट ओढले की प्लास्टिक वितळतं.

१६ पिनी जोडाबद्दल थोडं सविस्तर. जुना १२व्हीएचपीडब्ल्यूआर आणि नवा १२व्ही-२×६ दिसायला सारखे, वायरही तीच चालते. नव्यात कार्डाकडच्या चार छोट्या संवेदक पिना मागे घेतल्या आहेत आणि मुख्य पिना किंचित लांब केल्या आहेत. प्लग पूर्ण बसला नसेल तर छोट्या पिना जुळत नाहीत आणि कार्ड पूर्ण वीज ओढत नाही. हे संरक्षण चांगलं आहे, पण वाकलेल्या वायरीवर त्याचा इलाज नाही. प्लगपासून पहिले ३५ मिमी वायर सरळ राहिली पाहिजे. छोट्या कॅबिनेटमध्ये नेमकं काचेचं किंवा पत्र्याचं दार तिथेच टेकतं. म्हणून कार्ड घेण्याआधी त्याची उंची बघा, त्यात ३५ मिळवा आणि मग कॅबिनेटच्या रुंदीशी ताडा. बसवताना प्लग दोन्ही बाजूंनी सरळ ढकला, टॉर्च लावून फट उरली नाही ना पाहा. तोच जोड वारंवार काढू-घालू नका. त्याच्या पिना जेमतेम ३० वेळांसाठी बनवलेल्या असतात.

मुंबईची हवा

मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हात एसी नसलेल्या खोलीचं तापमान ३३-३४ अंश असतं. त्या खोलीतल्या दहा लिटरच्या डब्यात एसएमपीएसने आत ओढलेली हवा ४५ च्या पुढे सहज जाते. खोक्यावर पूर्ण वॉट किती तापमानापर्यंत दिलेत ते वाचा: ४० अंश की ५०. ४० वाला असेल तर मुंबईच्या उन्हाळ्यात त्याचे वॉट थोडे कमीच धरा. पंख्याचं तोंड कॅबिनेटच्या जाळीकडे, बाहेरची हवा घेईल असं ठेवा. आत कार्डाकडे तोंड केलं तर कार्डाने तापवलेली हवाच त्याच्या वाट्याला येते.

पंखा बंद ठेवणाऱ्या मोडचं कौतुक थंड देशांत जास्त होतं. इथे एसएमपीएस आतून तापत राहतो, मग पंखा अचानक उठतो, दोन मिनिटांनी थांबतो, पुन्हा उठतो. तो चढ-उतार मंद अखंड आवाजापेक्षा जास्त त्रासदायक. हा मोड बंद करायचं बटण असलेलं मॉडेल मिळालं तर ते घ्या. नसेल तर कॅबिनेटचा एक पंखा हळू पण सतत चालू ठेवा.

धूळ दर तीन महिन्यांनी ब्लोअरने काढा, पंख्याचं पातं बोटाने धरून, नाहीतर तो भरमसाट फिरून बेअरिंग खराब होतं. एसएमपीएस उघडायचा मात्र नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर चारशे व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. समुद्राजवळच्या घरात पावसाळाभर पीसी बंद ठेवू नका. आठवड्यातून दोनदा अर्धा तास चालवला तरी आतला दमटपणा जातो. भर पावसात लोकलने नेला असेल तर घरी आल्यावर लगेच चालू करू नका, दार काढून काही तास पंख्याखाली ठेवा.

अर्थिंगकडे फार दुर्लक्ष होतं. छोटी कॅबिनेटं बहुधा पूर्ण धातूची. जुन्या चाळीत किंवा पागडीच्या इमारतीत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे वायर नसते. तेव्हा पीसीला हात लावला की मुंग्या येतात. एसएमपीएस बिघडलेला नसतो. आतल्या फिल्टरचे कपॅसिटर अर्थिंग नसताना पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्ट आणून ठेवतात, करंट अगदी कमी. एसएमपीएस बदलून हे जाणार नाही. मल्टिमीटरने फेज ते अर्थ मोजा, २३० च्या जवळ हवेत. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवेत. तसं नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

यूपीएस घेणार असाल (कल्याण-डोंबिवली, वसई-विरारकडे तो घ्याच) तर ६०० व्हीएचा चालणार नाही, तो ३६० वॉटचाच असतो. मॉनिटर धरून ५०० वॉटच्या पीसीला किमान ११०० व्हीए, आणि शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा. या सगळ्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (ओढलेला करंट विजेच्या लहरीशी जुळवणारं सर्किट) असतं. स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरीवर, पूर्ण भार असताना, ते कधीकधी वीज जाताच हार मानतं, आणि यूपीएस असूनही पीसी बंद पडतो.

दुकानात आणि घरी

ग्रँट रोड स्टेशनवरून पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडला चालत गेलात तरी एसएफएक्स शेल्फवर मिळेलच असं नाही. आधी फोन करून नेमकं मॉडेल आणि एटीएक्स ३.१ हे दोन्ही विचारा, रविवारी जाऊ नका. खोक्याचं सील, खोक्यावरचा आणि युनिटवरचा सिरियल नंबर, आणि जीएसटीच्या पक्क्या बिलावर तोच नंबर, एवढं काउंटरवरच ताडून घ्या. कच्च्या बिलावर अठरा टक्के वाचतात, पण सात-दहा वर्षांच्या वॉरंटीचा आधारच जातो, आणि एसएफएक्सच्या किमतीतला मोठा वाटा त्या वॉरंटीचा असतो. भारतातली वॉरंटी कुठला वितरक देतो, हेही बिलावर लिहून घ्या.

बसवण्याआधी टेबलावरच तपासा. फक्त २४ पिनी वायर लावा, हिरव्या जागेची १६ नंबरची पिन शेजारच्या काळ्याशी क्लिपने जोडा, मग मागचा स्विच चालू करा. नव्या वायरी सगळ्या काळ्या असतात, म्हणून पिनेची जागा पुस्तिकेवरून शोधा. १२ व्होल्ट ११.४ ते १२.६ मध्ये, ५ व्होल्ट ४.७५ ते ५.२५ मध्ये, ३.३ व्होल्ट ३.१४ ते ३.४७ मध्ये हवेत. पंखा फिरला नाही तर घाबरू नका, भार नसताना तो बंदच असतो.

बसवताना क्रम पाळा. वायरी एसएमपीएसला आधी लावा, मग तो आत सरकवा; एकदा आत गेल्यावर बोटं पोचत नाहीत. बऱ्याच छोट्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस पुढे किंवा मधे असतो आणि मागच्या सॉकेटपासून आतून एक छोटी वायर येते. त्या वायरीचा प्लग घट्ट दाबा, आणि एसएमपीएसचा स्वतःचा स्विच चालू करूनच दार लावा. "नवा पीसी सुरूच होत नाही" म्हणून दुकानात परत आणलेल्या डब्यांत हा आत बंद राहिलेला स्विच नेहमी सापडतो.

उरलेल्या वायरी खोक्यात परत टाकताना पिशवीवर मॉडेलचं पूर्ण नाव आणि वर्ष लिहून ठेवा. तीन वर्षांनी दुसरी हार्ड डिस्क लावताना ड्रॉवरमध्ये चार काळ्या साटा वायरी निघतील, आणि त्यातली कुठली या एसएमपीएसची हे नुसतं बघून कळणार नाही.